दरड : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

पावसाळा सुरू झाला की मराठी वृत्तपत्रांत एक वाक्य दरवर्षी न चुकता येते : 'घाटात दरड कोसळली, वाहतूक ठप्प.' हे वाक्य इतके परिचयाचे झाले आहे की त्यातील शब्दांकडे कोणी निरखून पाहत नाही. दरड म्हणजे रस्त्यावर येऊन पडलेला दगडमातीचा ढीग, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. मोठ्यांपैकी अनेकांना दरड म्हणजे ती दुर्घटनाच, असे वाटते. परंतु वाक्याची रचना पाहिली तर अर्थ वेगळा निघतो. 'कोसळली' हे क्रियापद आहे आणि 'दरड' हा त्याचा कर्ता आहे. भिंत कोसळली असे म्हटले की कोसळण्यापूर्वी भिंत उभी होती, हे त्यात आलेच. तद्वतच, कोसळण्यापूर्वी दरडही उभी होती.

दरड म्हणजे उभट उतार. डोंगराची तुटक बाजू, नदीचा किंवा ओढ्याचा उभा काठ, न बांधलेल्या विहिरीची मातीची बाजू, या सर्वांना मराठीत दरड म्हणतात. म्हणजे मुळात हा शब्द घटनेचा नसून स्थळाचा आहे. भाषेतील हा बारीक भेद केवळ व्याकरणाचा नाही. दरड ही एक घटना आहे असे मानणारा माणूस ती घडल्यावर जागा होतो. दरड हे एक स्थळ आहे असे जाणणारा माणूस ते स्थळ आधी पाहू शकतो, मोजू शकतो आणि त्यापासून दूर राहू शकतो.

उतारांची नावे

डोंगराळ मुलखात राहणाऱ्या लोकांची भाषा उतारांच्या बाबतीत फार काटेकोर असते. मराठीतही तसेच आहे. 'उतार' हा सर्वसाधारण शब्द. तोच उतार पायथ्याकडून पाहिला की 'चढण' होतो. दोन डोंगरांमधील अरुंद वाट ती 'खिंड'. 'घाट' म्हणजे पर्वत ओलांडून जाण्याचा मार्ग. उत्तर भारतात मात्र घाट म्हणजे नदीत उतरण्याच्या पायऱ्या, आणि भूगोलाच्या पुस्तकात 'पश्चिम घाट' हे साऱ्या पर्वतरांगेचेच नाव होऊन बसले आहे. 'कडा' म्हणजे उभा, उघडा, बहुधा अखंड खडकाचा तुटलेला भाग. कड्याच्या खाली झाडीने भरलेला जो पट्टा असतो त्याला सह्याद्रीत 'पदर' असेही म्हणतात.

कडा आणि दरड यांत एक महत्त्वाचा फरक आहे. कड्याचे नाव घेताच खडक डोळ्यांपुढे येतो. दरडीचे नाव घेताच दगड आणि माती यांचे मिश्रण. दरड या शब्दाशेजारी दरी आणि दरा हे शब्द सहज उभे राहतात. यांपैकी दरी हा शब्द संस्कृतातील 'दॄ' म्हणजे चिरणे, फाडणे या धातूपासून आलेला आहे. ऊन, पाऊस व हवा यांच्यामुळे खडक फुटून त्याची माती होण्याच्या क्रियेला शास्त्रज्ञ 'विदारण' म्हणतात. तो शब्दही त्याच धातूचा. डोंगर चिरला जातो, त्याची दरी होते, आणि दरीच्या बाजूंवर विदारणाने झालेली माती साचत राहते.

सह्याद्रीत या सर्व गोष्टी एकत्र पाहावयास मिळतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यांतील घट्ट थरांचे कडे झाले. मऊ, सच्छिद्र थर लवकर झिजून त्यांचे उतार झाले. म्हणून दुरून पाहता डोंगराच्या बाजूला पायऱ्यांचा आकार दिसतो. या खडकांना 'ट्रॅप' हे नाव मिळाले तेही याच कारणाने. पायरी किंवा जिना या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दापासून ते आलेले आहे. कड्यापासून सुटलेले दगड आणि झिजलेली माती खालच्या पायरीवर येऊन साचते. तेथे पाणी असते, जमीन त्यातल्या त्यात सपाट असते, म्हणून वाड्याही तेथेच वसतात.

उभट म्हणजे किती उभट?

शास्त्राला 'उभट' एवढे सांगून भागत नाही. त्याला अंश लागतात. उतार मोजण्याच्या तीन रीती प्रचारात आहेत. रेल्वेचे अभियंते प्रमाण सांगतात. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटातील लोहमार्गाचा तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर उंची चढते. अंशांत हा चढ केवळ दीड अंशाचा भरतो, तरीही गाडीला मागून जादा एंजिने लावावी लागतात. दुसरी रीत शेकड्याची : १०० मीटर आडव्या अंतरात १०० मीटर उंची वाढली तर तो शंभर टक्के उतार. येथे पुष्कळांची फसगत होते. शंभर टक्के उतार म्हणजे उभी भिंत नव्हे. तो ४५ अंशांचा उतार होय. तिसरी रीत सरळ अंशांची.

कोरड्या वाळूचा ढीग करू लागले की एका ठराविक कोनापर्यंत तो वाढतो. पुढे घातलेली वाळू बाजूंवरून घरंगळून खाली येते. हा कोन साधारणपणे ३० ते ३५ अंशांचा असतो. त्याला विश्रामकोन म्हणतात, कारण या कोनात कण विसावतात. डोंगरउतारावरील मातीत कणांना चिकटवून ठेवणारी चिकणमाती असते, झाडांची मुळे असतात, म्हणून ती याहून उभट कोनातही टिकून राहते.

यावरून वाटेल की उतार जितका उभा तितका धोका अधिक. प्रत्यक्षात तसे नेहमी होत नाही. अगदी उभ्या कड्यावर माती साचतच नाही. तेथून सुटे दगड पडतात, पण मातीचा लोट येत नाही. अगदी सौम्य उतारावर माती पुष्कळ असते, परंतु तिला खाली ओढणारे बल अपुरे पडते. सुमारे २५ ते ४५ अंशांच्या उतारावर मात्र माती साचण्याइतका सौम्यपणा आणि घसरण्याइतका उभटपणा, दोन्ही एकत्र येतात. मातीच्या बहुतेक घसरणी याच उतारांवर होतात. हाच उतार हिरवा असतो, त्यावर गवत वाढते, गुरे चरतात. म्हणून तो भयंकर वाटत नाही. लोक कड्याला भितात आणि दरडीवर घर बांधतात.

पाणी काय करते?

३० अंशांच्या उतारावर एक घनमीटर माती आहे, असे समजावे. कोरडी असताना तिचे वजन सुमारे १.६ टन भरेल. या कोनात वजनाचा निम्मा भाग, म्हणजे ०.८ टन, तिला उताराच्या दिशेने खाली ओढतो. उरलेला परिणाम तिला खालच्या थरावर दाबून धरतो. हा दाब सुमारे १.४ टन होतो. त्यातून जे घर्षण निर्माण होते ते एक टनाच्या जवळपास असते. ओढ ०.८ आणि विरोध जवळजवळ १. म्हणून माती जागच्या जागी राहते.

आता पाऊस पडून मातीतील सर्व छिद्रे पाण्याने भरली. वजन सुमारे २ टन झाले आणि खाली ओढणारे बल १ टन झाले. एवढेच घडले असते तर दाबही त्याच प्रमाणात वाढून घर्षण वाढले असते आणि माती टिकली असती. परंतु छिद्रांतील पाणी कणांना वर उचलू लागते. विहिरीत बुडालेली घागर जशी हलकी लागते, तसे हे कण हलके होतात. त्यांचा एकमेकांवरील खरा दाब १.४ टनांवरून ०.९ टनांच्याही खाली येतो आणि घर्षण ०.६ टनांवर उतरते. ओढ १ आणि विरोध ०.६. उरलेली उणीव मुळे आणि मातीचे संसंजन, म्हणजे कणांचे परस्परांना चिकटून राहणे, यांनी भरून काढली तर उतार टिकतो. न काढली तर दरड कोसळते.

पाण्यामुळे माती 'निसरडी' होते म्हणून दरड पडते, असे सामान्यतः सांगितले जाते. हे अपुरे आहे. पाणी ओढ वाढवते आणि त्याच वेळी पकड सैल करते, हे खरे कारण होय. म्हणूनच डोंगरातील पाणी बाहेर काढून देणे हा उतार वाचवण्याचा सर्वांत जुना आणि प्रभावी उपाय ठरला आहे.

नैनितालचा धडा

हा उपाय भारतात फार मोठी किंमत देऊन शिकला गेला. कुमाऊँमधील नैनिताल हे गाव एका तलावाभोवती उभट डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे. सप्टेंबर १८८० मध्ये तेथे सतत मुसळधार पाऊस झाला. १८ सप्टेंबरच्या सकाळी शेर-का-डांडा या डोंगराच्या उतारावरून माती घसरली आणि काही लोक गाडले गेले. त्यांना काढण्यासाठी शिपाई, अधिकारी आणि मजूर धावून आले. दुपारी त्याच उताराचा फार मोठा भाग सुटून खाली आला आणि मदत करणारेही त्याखाली सापडले. एकूण १५१ माणसे मृत्यू पावली.

या घटनेनंतर नैनितालच्या उतारांवर दगडी नाल्यांचे मोठे जाळे बांधण्यात आले, जेणेकरून पावसाचे पाणी मातीत न मुरता सरळ तलावाकडे जावे. एकदा कोसळलेली दरड संपलेली नसते, हाही धडा तेथे मिळाला. वरचा भाग आधार गमावून अधिकच अस्थिर झालेला असतो.

माळीण, तळिये, इर्शाळवाडी

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगरउतारावरून आलेल्या मातीखाली गेले. चाळीसहून अधिक घरे गाडली गेली आणि १५१ माणसे मरण पावली. नैनितालात मेलेल्यांचा आकडाही हाच होता. ही बातमी बाहेर पोहोचली ती राज्य परिवहनाच्या एका बसचालकामुळे. नेहमीच्या फेरीवर तो आला, तो गाव जागेवर नव्हते. उतारावर शेतीसाठी केलेली जमिनीची सपाटी हे या घटनेचे एक कारण असावे, अशी चर्चा पुढे झाली.

२२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या आदिवासी वाडीवर दरड आली. तेथे वाहनाचा रस्ता नव्हता. मदतीची पथके पावसात पायी चढून गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली.

शासकीय मराठीत अशा गावांसाठी 'दरडप्रवण' हा शब्द रूढ आहे. त्यातील 'प्रवण' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच 'खाली उतरता' असा आहे. म्हणजे या एका शब्दात उतार दोनदा आलेला आहे. दरडप्रवण गावांच्या याद्या तयार केल्या जातात आणि पावसाळ्यात तेथील लोकांना हलवले जाते. परंतु इर्शाळवाडी अशा यादीत नव्हती, असे त्या घटनेनंतर सांगण्यात आले. बहुधा यादीत तेच गाव येते जेथे पूर्वी काही कोसळलेले असते. घटना मोजली जाते, उतार मोजायचा राहून जातो.

माणसाने केलेल्या दरडी

सर्वच दरडी निसर्गाने केलेल्या नसतात. रस्ता किंवा लोहमार्ग नेण्यासाठी डोंगर कापला की कापलेल्या बाजूला नवी दरड तयार होते. शतकानुशतके एका कोनात विसावलेला उतार पायथ्याशी एकाएकी उभा केला जातो आणि वरच्या मातीचा आधार जातो. २२ जून २००३ रोजी कोकण रेल्वेच्या मार्गावर वैभववाडीजवळ मार्गावर आलेल्या दगडांमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. त्यानंतर या मार्गावरील कापलेल्या बाजू अधिक सौम्य करणे, त्यांवर पोलादी जाळ्या बसवणे, पावसाळ्यात गस्त वाढवणे अशी कामे झाली. पावसाळ्यात या मार्गावर गाड्या कमी वेगाने धावतात आणि त्यांचे वेळापत्रकही वेगळे असते. दरड कोसळल्यावर दगड उचलणे हे झाले घटनेवरचे काम. बाजूचा कोन कमी करणे हे दरडीवरचे काम.

इतर भाषांतील शब्द

उतार सर्वत्र आहेत, तसे त्यांचे शब्दही. दार्जिलिंगच्या डोंगरात बोलल्या जाणाऱ्या नेपाळी भाषेत उभ्या कड्याला 'भीर' आणि कोसळण्याच्या घटनेला 'पहिरो' म्हणतात. स्थळ आणि घटना यांना तेथे दोन वेगळी नावे आहेत. हिंदीतील 'भूस्खलन' हा शब्द केवळ घटनेचा आहे. मलयाळम भाषेत घटनेचेही दोन प्रकार केलेले आहेत : जागच्या जागी माती ढासळली तर 'मण्णिडिच्चिल', आणि दगड, माती, पाणी व झाडे यांचा लोट ओढ्याच्या वाटेने सुसाट खाली आला तर 'उरुळपोट्टल'.

हा दुसरा भेद किती मोलाचा आहे, हे ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळच्या वायनाड जिल्ह्यात दिसून आले. माळीणच्या घटनेला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे झाली होती. डोंगरमाथ्याजवळ सुटलेला लोट नदीच्या पात्रातून काही किलोमीटर खाली गेला आणि मुंडक्कई व चूरलमला ही गावे उद्ध्वस्त झाली. अडीचशेहून अधिक माणसांचा बळी गेला. ज्यांची घरे गेली त्यांपैकी पुष्कळ लोक दरडीवर राहत नव्हते. ते दरडीच्या वाटेवर राहत होते. तेव्हा केवळ घरामागचा उतार पाहणे पुरेसे नाही. गावातून वाहणारा ओढा कोणत्या उतारावरून येतो, तेही पाहिले पाहिजे.

नकाशे आणि पूर्वसूचना

१८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे देशातील दरडींच्या अभ्यासाचे काम सोपवलेले आहे. तिच्या अंदाजाप्रमाणे, बर्फाच्छादित प्रदेश सोडून, भारताच्या सुमारे १२.६ टक्के भूमीला, म्हणजे सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर प्रदेशाला, दरडींचा धोका आहे. हिमालय, ईशान्येकडील डोंगर, निलगिरी, पश्चिम घाट व कोकणचा पट्टा हे त्यातील प्रमुख भाग. या प्रदेशाचे १ : ५०,००० या प्रमाणावर नकाशे करण्यात आले. जुलै २०२४ मध्ये कोलकाता येथे राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राचे उद्घाटन झाले. उताराचा कोन, मातीची जाडी, खडकाचा प्रकार व पडलेला पाऊस यांचा मेळ घालून धोक्याची सूचना देणे हे अशा केंद्राचे काम.

परंतु १ : ५०,००० या प्रमाणात नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर होतो. पन्नास घरांची वाडी तेथे एका ठिपक्यात मावते. त्या वाडीच्या मागच्या उतारावर या वर्षी नवी भेग पडली आहे की नाही, हे नकाशा सांगू शकत नाही. ते तेथे राहणाराच सांगू शकतो.

शाळेत करण्याजोगे प्रयोग

पसरट ताटात कोरड्या वाळूचा ढीग करावा आणि त्याच्या बाजूचा कोन कोनमापकाने मोजावा. नंतर वाळू किंचित ओली करून पुन्हा ढीग करावा; या वेळी बाजू जवळजवळ उभ्या राहतील. शेवटी त्याच ढिगावर झारीने सावकाश पाणी घालीत राहावे. काही वेळ काहीच होणार नाही, आणि मग एकाएकी बाजू ढासळेल. थोडे पाणी कणांना धरून ठेवते, पुष्कळ पाणी त्यांना सोडवते, हे यावरून प्रत्यक्ष दिसते.

खरा उतार मोजण्याचे साधनही शाळेत करता येते. कोनमापकाच्या मध्यबिंदूपासून दोरा बांधून त्याला लहान वजन लावावे. कोनमापकाची सरळ कड उताराला समांतर धरली असता दोरा ९० अंशांपासून जितका सरकेल तितका उताराचा कोन. हे मोजमाप शिक्षकांसमवेत, कोरड्या दिवसांत आणि सुरक्षित जागी उभे राहूनच करावे.

डोंगराजवळच्या गावांनी पावसाळ्यात पुढील खुणांकडे लक्ष द्यावे : उतारावर किंवा घराच्या जोत्याला पडलेल्या नव्या भेगा, झाडे, कुंपणाचे खांब किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या एकाएकी घट्ट बसणे, नवे झरे फुटणे किंवा जुने आटणे, ओढ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, अथवा पाऊस चालू असताना ते एकदम कमी होणे. शेवटची खूण विशेष गंभीर आहे, कारण वरच्या बाजूस कोठेतरी माती आडवी येऊन पाणी तुंबल्याचा तो पुरावा असू शकतो. अशा वेळी प्रवाहाची वाट सोडून बाजूच्या उंच, स्थिर जागी जावे आणि ग्रामपंचायतीला कळवावे.

मराठीत 'कोसळणे' हे क्रियापद पावसालाही लावतात आणि दरडीलाही. पाऊस कोसळतो, मग दरड कोसळते. पहिले कोसळणे थांबवणे कोणाच्या हाती नाही. दुसऱ्याच्या आधी मात्र वेळ असतो, कारण दरड त्या रात्री जन्माला येत नाही. ती उन्हाळ्यातही गावामागे उभी असते. गावाच्या नकाशावर ज्याप्रमाणे विहीर, शाळा आणि देऊळ दाखवलेले असते, त्याप्रमाणे दरडही दाखवावी, तिचा कोन लिहावा आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी ती पाहून यावी.